कोर्टाचा कागद: घटस्फोट-पोटगीच्या हुकुमाची नक्कल तालुक्याच्या गावी कशी मिळवावी, खर्च किती येतो

तलाठ्याकडे जा, अंगणवाडीत जा, बँकेत जा, पासपोर्टच्या खिडकीवर जा. घटस्फोट झालेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईला सगळीकडे एकच सांगतात: कोर्टाचा कागद आणा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत निकषांत बसणाऱ्या घटस्फोटित महिलेला महिना १,५०० रुपये मिळतात, पण अर्जाला हुकुमाची प्रत जोडावी लागते. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीतही घटस्फोटित महिलांकडून हाच कागद मागितला गेला. दुसरे लग्न ठरले की पुन्हा तोच कागद लागतो. मुलाचा पासपोर्ट काढताना, नवऱ्याच्या नोकरीच्या कागदांतून नाव कमी करताना, थकलेल्या पोटगीसाठी कोर्टात परत जातानाही तो लागतोच.

शहरात हा कागद मिळवायला एखादी सकाळ जाते. तालुक्याच्या गावाहून निघालेल्या माणसाचे मात्र दोन-तीन हेलपाटे होतात. निकाल कुठल्या कोर्टात लागला, नंबर काय होता, वकील आता कुठे आहेत, यातले काहीच हाताशी नसते. कायदा या बाबतीत पक्षकाराच्या बाजूचा आहे. कौटुंबिक प्रकरणांतल्या सर्वांत महत्त्वाच्या हुकुमांची प्रत फुकट द्यावी, असे कायद्यातच लिहिले आहे. ही गोष्ट लोकांपर्यंत पोहोचलेली नाही, आणि तिची किंमत एसटीच्या भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते.

आधी हे पाहा: कागद आहे का?

गावाकडे नवरा-बायको वेगळे होतात ते पुष्कळदा फारकतीने. स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहिली जाते, पाच पंचांच्या सह्या होतात, क्वचित नोटरीचा शिक्काही बसतो. दोन्ही घरे समजतात की काडीमोड झाली. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २९(२) ने रूढीनुसार होणारा घटस्फोट मान्य ठेवला आहे, पण आपल्या जातीत तशी रूढी जुन्या काळापासून सलग चालत आली आहे, हे सिद्ध करावे लागते. अशी फारकत कोर्टात नोंदलेली नसते, त्यामुळे कोर्टातून तिची नक्कल मिळण्याचा प्रश्नच येत नाही. हे कटू आहे, पण कोर्टाची वाट धरण्याआधी घरात विचारून घ्या: आपण कधी न्यायाधीशासमोर उभे राहिलो होतो का? समन्स आले होते का? वकीलपत्रावर सही केली होती का? तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर नक्कल शोधण्यात पैसे घालवू नका. विधी सेवा समितीकडे जाऊन पुढचा मार्ग विचारा.

दुसरा गोंधळ ग्रामपंचायतीचा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने लग्नाची नोंदणी ग्रामसेवकाकडे होते, म्हणून घटस्फोटाचा दाखलाही तिथेच मिळेल असे लोकांना वाटते. तसा दाखला कोणतीही ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा तहसील कचेरी देत नाही. घटस्फोटाचा पुरावा एकच, कोर्टाचा हुकूमनामा.

हुकूमनामा आणि निकालपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात न्यायाधीशांनी कोणाचे म्हणणे का मानले, हे सविस्तर असते. ते दहा-पंधरा पानांचे किंवा त्याहून मोठेही असू शकते. हुकूमनामा एक-दोन पानांचा असतो. त्यात पक्षकारांची नावे, प्रकरणाचा नंबर आणि ‘विवाह विच्छेदित करण्यात येत आहे’ असा थेट हुकूम असतो. सरकारी योजनांना बहुतेक वेळा हुकूमनामा पुरतो. अपील, पासपोर्ट, परदेश यांसाठी दोन्ही घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे निकालानंतर १५ दिवसांत हुकूमनामा तयार व्हायला हवा. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी हुकूमनाम्यासाठी जाऊन परत येण्यापेक्षा, तारीख विचारून जा.

कोणत्या कोर्टात शोधायचे?

कुटुंब न्यायालय कायदा १९८४ मधला. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत अशी न्यायालये स्थापन करणे राज्यावर बंधनकारक आहे, इतरत्र ऐच्छिक. त्यामुळे ग्रामीण भागातले बहुतेक घटस्फोटाचे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात चालतात. लोक चुकतात ते इथेच. तुमच्या तालुक्याच्या गावी कोर्ट असते, पण ते कनिष्ठ स्तराचे असले तर घटस्फोटाचा अर्ज तिथे चाललेलाच नसतो. तो शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी, जिथे वरिष्ठ स्तराचे कोर्ट आहे तिथे गेलेला असतो.

पोटगीचा आणि घरगुती हिंसाचाराचा अर्ज मात्र बहुधा तालुक्यातच असतो. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे पोटगीचा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. हिंसाचाराचा २००५ च्या कायद्याखालचा अर्जही दंडाधिकाऱ्यांकडेच. म्हणजे एकाच जोडप्याची तीन प्रकरणे दोन वेगळ्या गावांच्या कोर्टांत असू शकतात. घरात ‘आपली केस’ असा एकच शब्द वापरला जातो, म्हणून नेमकी कोणती केस हे वेगळे करून मगच घराबाहेर पडा.

गाव कोणते, हे आठवत नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ चा उपयोग होतो. अर्ज साधारण चार ठिकाणांपैकी एका ठिकाणी झालेला असतो: लग्न जिथे लागले, सामनेवाला जिथे राहत होता, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले, आणि बायकोने अर्ज केला असेल तर ती जिथे राहते. ही चौथी सोय २००३ च्या दुरुस्तीने आली. त्याआधीच्या प्रकरणांत माहेरच्या तालुक्यात शोधण्यापेक्षा सासरकडे आधी शोधा.

जिल्हा विभागला गेला असेल तर आणखी एक फेरा वाढतो. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघाला, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये अनुक्रमे परभणी आणि भंडाऱ्यातून, वाशीम आणि नंदुरबार १९९८ मध्ये अकोला आणि धुळ्यातून. महसुली जिल्हा झाला त्याच दिवशी न्यायिक जिल्हा होतो असे नाही. तालुका कोर्टातली निकाली प्रकरणे काही काळाने जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात जातात. त्यामुळे विभाजनाच्या आगेमागे निकाल लागला असेल, तर कागद जुन्या जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असण्याची शक्यता धरून चाला आणि आधी फोन करा. सिरोंच्याहून गडचिरोली जवळजवळ दोनशे किलोमीटर आहे. चुकीच्या दारात जाऊन परत येण्याची किंमत तिथल्या माणसाला विचारावी.

नंबर सापडला की निम्मे काम झाले

कोर्टात माणूस नावाने नाही, नंबराने सापडतो. नंबर घरीच मिळण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. जुने समन्स, वकिलांनी दिलेली पावती, तारखांची चिठ्ठी, पोटगी जमा झाल्याची पावती, यांपैकी कशावर तरी ‘हिं. वि. अर्ज क्र.’ किंवा ‘किरकोळ फौजदारी अर्ज क्र.’ आणि वर्ष लिहिलेले असते. कुटुंब न्यायालयात नंबराआधी इंग्रजी अक्षर असते: ‘ए’ म्हणजे घटस्फोटासारखी एकाने केलेली याचिका, ‘एफ’ म्हणजे परस्पर संमतीची, ‘डी’ मुलाच्या ताब्याची, ‘ई’ पोटगीची.

घरात काहीच नसेल तर ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ किंवा मोबाईलवरचे ॲप उघडा. दोन्ही फुकट आहेत. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येते. वर्ष टाकावे लागते आणि ‘निकाली’ हा पर्याय निवडायला विसरू नये. नावे इंग्रजी अक्षरांत असतात आणि इथेच शोध अडतो. विदर्भात ‘जाधव’ या आडनावाचे शेवटचे अक्षर कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘ओ’ने. बायकोचे नाव माहेरचे टाकले आहे की सासरचे, नावापुढे ‘बाई’ आहे का, ‘सौ.’ लावले आहे का, हे सगळे पालटून पाहावे. सोपा उपाय म्हणजे नवऱ्याच्या नावाने शोधणे, कारण ते बदललेले नसते.

प्रकरण सापडले की तिथे सीएनआर क्रमांक दिसेल. ही सोळा अक्षर-अंकांची ओळख आहे: आधी ‘एमएच’, मग जिल्ह्याची दोन अक्षरे, दोन अंकांचा कोर्टाचा संकेत, सहा अंकांचा अनुक्रम आणि शेवटी वर्ष. हा क्रमांक घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये आणि रेशन कार्डाच्या पाकिटात, दोन्हीकडे लिहून ठेवा. प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेले तरी या क्रमांकाने सापडते.

कौटुंबिक प्रकरणांत निकालाचा मजकूर संकेतस्थळावर अनेकदा दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. दिसला आणि छापून घेतला, तरी ती प्रमाणित प्रत होत नाही. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्याआधी निकाली निघालेले प्रकरण संगणकावर सापडेलच असे नाही. तेव्हा नोंदवही हाच आधार. निकालाचे साधारण वर्ष, दोघांची पूर्ण नावे, गावे आणि वकिलांचे नाव एवढे लिहून अर्ज दिला, तर कर्मचारी वर्षाची नोंदवही चाळून नंबर काढू शकतात. वकील हयात नसतील तर त्यांच्या कारकुनाला गाठा. तालुका कोर्टात वकिलांचे जुने कारकून म्हणजे चालत्याबोलत्या नोंदवह्या असतात.

फुकट काय, विकत काय

कायद्याने तीन प्रकारच्या हुकुमांची प्रत विनामूल्य द्यायची आहे. कलमांसकट लक्षात ठेवा, कारण खिडकीवर कलम सांगितले की बोलणे लवकर संपते.

पहिला, घटस्फोटाचा हुकूमनामा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाचा हुकूमनामा देणाऱ्या कोर्टाने दोन्ही पक्षकारांना त्याची एकेक प्रत फुकट द्यायची आहे. अर्ज फेटाळला गेला किंवा नुसते न्यायिक विभक्तपण मिळाले, तर हे कलम लागू होत नाही. निकालपत्रही त्यात येत नाही, त्याची फी भरावी लागते.

दुसरा, पोटगीचा हुकूम. ज्याच्या बाजूने हुकूम झाला त्या व्यक्तीला त्याची प्रत पैसे न घेता द्यावी, असे जुन्या संहितेच्या कलम १२८ मध्ये होते. आता तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ मध्ये आहे. ही प्रत जपून ठेवण्याचे कारण पैशांचे आहे. पोटगी थकली तर वसुलीच्या वॉरंटसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कागद शोधण्यात वर्ष गेले, तर तेवढी थकबाकी या मार्गाने हातची जाऊ शकते.

तिसरा, घरगुती हिंसाचार कायद्याखालचा कोणताही हुकूम. कलम २४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी त्याची प्रत दोन्ही पक्षकारांना आणि संबंधित पोलीस ठाण्याला फुकट द्यायची आहे. संरक्षणाचा किंवा घरात राहण्याचा हुकूम असेल तर त्याच दिवशी प्रत घेऊन ठाण्यात पोच घ्या. हातात कागद नसलेल्या हुकुमाने रात्री दार उघडत नाही.

बाकी सगळ्याला फी लागते: निकालपत्र, मूळ अर्ज, कैफियत, साक्षी, रोजनामा, दुसरी-तिसरी प्रत. ती फी पानामागे ठरलेली असते आणि नक्कल विभागात दर विचारता येतो. तातडीची नक्कल हवी असेल तर जादा, नंबर माहीत नसेल तर शोधण्याची फी वेगळी लागू शकते. नक्कल अर्जासोबत अनामत म्हणून अंदाजे रक्कम भरतात. उरलेली परत मिळते, कमी पडली तर भरावी लागते. काही झाले तरी पावतीशिवाय एकही रुपया देऊ नका. पावतीवरची रक्कम हीच या कामाची सरकारी किंमत, आणि ती प्रवासखर्चाच्या मानाने लहानच असते.

महिलांसाठी आणखी एक सवलत आहे. राज्य शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेचे वाद यांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ केली. मालमत्तेच्या बाबतीत ती पुढे वैवाहिक संबंधातून उद्भवलेल्या वादांपुरती ठेवली गेली. अर्जावर स्टॅम्प मागितला तर या अधिसूचनेचा उल्लेख अर्जातच करा. पानामागची नकलेची फी ही निराळी बाब आहे.

तीही परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे. ती कोर्टाच्या आवारातच असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणतीही महिला, कोणतेही मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सेवा मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. मोफत विधी सेवा म्हणजे नुसता वकील नव्हे. हुकुमांच्या प्रमाणित प्रती मिळवून देणे हेही तिच्यात येते. मदतीचा क्रमांक १५१००. ग्रामीण बाईसाठी माझी पहिली शिफारस हीच आहे: नक्कल विभागाआधी या समितीच्या दारात जा.

आता खरा खर्च. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे बाई एकटी जात नाही, भाऊ किंवा बाप सोबत असतो. दोघांची मजुरी सहाशेच्या वर बुडाली, त्यावर भाडे आणि खाणे. नुसत्या चौकशीच्या एका हेलपाट्याचे असे हजार रुपये होतात आणि कागद मिळेपर्यंत असे तीन होऊ शकतात. भाडे वाचवण्यासारखे आहे: मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. सोबतीला भावाऐवजी आई किंवा वडील आले तर भाड्यात फरक पडतो. पण खरी बचत हेलपाटा टाळण्यात आहे.

मधला माणूस घेणार तो आकडा मी इथे देत नाही, कारण तो कुठेही ठरलेला नाही आणि द्यायचाच नाही. कोर्टाच्या दारात ‘तुमची नक्कल मी काढून देतो’ म्हणणाऱ्याला कायद्याने काही स्थान नाही. कर्मचाऱ्याने पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी तक्रार करता येते. तुमच्या वकिलांनी नक्कल काढायची असेल तर त्यांची फी आधी विचारा आणि कोर्टाच्या पावत्या वेगळ्या मागा. वर्षानुवर्षे केस चालवलेले बरेच वकील या कामाचे वेगळे पैसे घेत नाहीत.

अर्ज कसा लिहायचा

अर्ज मराठीत चालतो. तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे. साध्या कागदावर किंवा कोर्टाच्या छापील नमुन्यावर लिहा. वर कोर्टाचे पूर्ण नाव, खाली प्रकरणाचा प्रकार, नंबर, वर्ष, दोन्ही पक्षकारांची नावे, निकालाची तारीख. विषयात नेमके लिहा: ‘हिंदू विवाह कायदा १९५५ कलम २३(४) नुसार हुकूमनाम्याची विनामूल्य प्रत मिळणेबाबत’. निकालपत्रही हवे असेल तर त्यासाठी फी भरण्याची तयारी आहे, असे त्याच अर्जात वेगळ्या वाक्यात लिहा. ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. मोबाईल नंबर द्या. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर तारीख आणि शिक्का घ्या.

स्वतः जाता येत नसेल तर वकील अर्ज देऊ शकतात. ई-सेवा केंद्र सुरू झालेल्या कोर्टांत प्रकरणाची स्थिती, ऑनलाइन नक्कल अर्ज आणि फी भरणे यांत मदत मिळते. टपालाने अर्ज घेऊन नक्कल टपालाने पाठवतात का, हे त्या कोर्टाला फोन करून विचारा. फोन नंबर जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर असतो. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी, दुसरा-चौथा शनिवार टाळा.

कागद पुष्कळ असतील आणि नेमका कोणता हवा हे कळत नसेल, तर आधी पाहणीचा अर्ज द्या. कर्मचाऱ्यासमोर फाइल पाहता येते. प्रत्येक कागदावर निशाणी क्रमांक असतो. निशाणी १ म्हणजे मूळ अर्ज. हवे ते निशाणी क्रमांक टिपून फक्त त्यांचीच नक्कल मागा. सबंध फाइलची नक्कल मागण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

नक्कल हातात पडली की खिडकी सोडण्याआधी शेवटचे पान पाहा. ‘खरी नक्कल’ असा दाखला, अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, सही, तारीख आणि कोर्टाचा शिक्का असलाच पाहिजे. अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखाही तिथे असतात. त्या तारखांना पैशांइतकेच मोल आहे: नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. हिंदू विवाह कायद्याखाली अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. नावात चूक असेल तर तिथेच दाखवा. मूळ हुकुमातच चूक असली तर दुरुस्तीचा अर्ज न्यायाधीशांकडे करावा लागतो.

एकतर्फी निकाल लागला असेल तर

हा भाग सर्वांत निकडीचा आहे. बाई माहेरी असते, समन्स सासरच्या पत्त्यावर जाते, कोणी तरी ‘घेत नाही’ म्हणून परत पाठवते, आणि कोर्ट एकतर्फी घटस्फोट देते. तिला कळते ते नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर. असा निकाल रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. मुदत ३० दिवसांची आहे. समन्स रीतसर बजावलेच नव्हते असे दाखवता आले, तर ती कळल्या दिवसापासून मोजतात. म्हणून कधी आणि कोणाकडून कळले ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि नकलेचा तातडीचा अर्ज द्या. यात नुसता हुकूमनामा घेऊन भागत नाही. समन्सवरचा बेलिफाचा अहवाल, रोजनामा, मूळ अर्जातला पत्ता आणि निकालपत्र, एवढे एकदमच मागा. लढाई बेलिफाच्या त्या चार ओळींवर होते.

तिऱ्हाइताला मिळते का?

सहजासहजी नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ही प्रकरणे बंद दाराआड चालतात आणि मजकूर छापायला बंदी आहे. पक्षकार नसलेल्या माणसाला न्यायाधीशांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून कारण द्यावे लागते, आणि परवानगी मिळेलच असे नाही. माहितीच्या अधिकाराचा मार्गही इथे चालत नाही. न्यायालयाच्या नियमांत नकलेची सोय असताना त्याच नियमांनी जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितले आहे. न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, तेव्हा पाचशेचा स्टॅम्प विकत घेऊ नका.

स्थळ पाहणाऱ्यांसाठी यातला धडा साधा आहे. मुलगा किंवा मुलगी घटस्फोटित असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत त्यांच्याकडूनच मागा. यात कोणाचा अपमान नाही. पहिले लग्न कायद्याने टिकून असेल तर दुसरे रद्दबातल ठरते. अपिलाची मुदत संपली का, अपील झाले आहे का, हेही पाहा.

परदेशात कागद दाखवायचा असेल तर प्रमाणित प्रतीवर आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यावे लागते. मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये आहे. स्वीकारणाऱ्या एजन्सीचा सेवाआकार वेगळा. हुकूम मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, फोटो, दागिन्यांच्या पावत्या, असे मूळ कागद फाइलमध्ये अडकले असतील, तर अपिलाची मुदत संपल्यावर ते परत मागता येतात. कोर्टात सगळेच कागद कायम राहत नाहीत. निकालपत्र आणि हुकूमनामा दीर्घकाळ जपतात. बाकीचे ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट केले जातात. केस संपून बरीच वर्षे झाली असतील तर हे काम या महिन्यात करा.

तालुका वकील संघांना आणि विधी सेवा समित्यांना एक विनंती. नक्कल विभागाच्या भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत तीन ओळी लावा: घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची, पोटगीच्या हुकुमाची आणि घरगुती हिंसाचाराच्या हुकुमाची प्रत विनामूल्य आहे, आणि प्रत्येकीपुढे कलम लिहा. फलकाला फार खर्च येत नाही. निकाल लागल्या दिवशी बाई त्या भिंतीवरून जाते, तेव्हाच तिला ते वाचायला मिळाले पाहिजे.